अरलचा समुद्र आणि आपले पाणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



‘मानवाने पृथ्वीची हानी केली’ हे वाक्य हल्ली सर्वत्र ऐकू येते. ते खोटे नाही. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते अपुरे वाटते. हानी कोणत्या निर्णयामुळे झाली, तो निर्णय कोणी घेतला, लाभ कोणाच्या पदरात पडला आणि किंमत कोणी मोजली, हे प्रश्न विचारल्याखेरीज ‘मानव’ या शब्दाने काहीच बोध होत नाही. भांडवलशाहीच्या संदर्भात हे प्रश्न विचारण्याची आपणांस सवय आहे. आज मी ते मुद्दाम अशा ठिकाणाविषयी विचारणार आहे, की जेथे खाजगी मालक नव्हता आणि नफेखोर कारखानदारही नव्हता. ते ठिकाण म्हणजे मध्य आशियातील अरल समुद्र.

समुद्र म्हणावयाचे, पण वास्तविक ते खाऱ्या पाण्याचे सरोवर. १९६० साली त्याचा विस्तार सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून अधिक होता. जगातील सरोवरांत त्याचा क्रमांक चौथा लागे. अमू दर्या व सीर दर्या या दोन नद्या त्याला पाणी पुरवीत. सोव्हिएत नियोजनकारांनी हे पाणी वाळवंटाकडे वळवून कापूस वाढवावयाचे ठरविले. १९५४ मध्ये काराकुम कालव्याचे काम सुरू झाले. कालवा बहुतांशी मातीचाच राहिल्याने पुष्कळसे पाणी वाटेतच वाळूत जिरले. समुद्र आटेल हे मॉस्कोतील तज्ज्ञांना कळत नव्हते असे नाही. समुद्रापेक्षा कापूस मोलाचा, असा हिशेब मांडूनच तो आटू देण्यात आला.

या हिशेबात कोळी कोठेच नव्हता. १९८० नंतरच्या काही वर्षांत अरलमधील मासेमारीचा धंदा संपला. मोयनाक या बंदरातील मासळीच्या कारखान्यात कामगारांना काम राहावे म्हणून दूरच्या समुद्रांतून गोठविलेली मासळी आणण्याची पाळी आली! उघड्या पडलेल्या तळावरील मीठ आणि कापसाच्या शेतांतून वाहून आलेली कीटकनाशके वाऱ्याबरोबर गावोगाव पसरली. काराकाल्पाकस्तानात श्वसनाचे विकार आणि स्त्रियांमधील रक्तक्षय ही नित्याची दुखणी झाली. समुद्राचा आधार गेल्याने उन्हाळे अधिक तापू लागले, हिवाळे अधिक कडक झाले. १९९१ मध्ये सोव्हिएत राजवट कोसळली, तरी नद्यांचे पाणी कालव्यांतच जात राहिले. २०१४ मध्ये दक्षिण अरलचा पूर्वेकडील भाग पूर्णपणे कोरडा पडला. तेथे आता अरलकुम नावाचे नवे वाळवंट आहे. उत्तरेकडे मात्र २००५ मध्ये कझाकस्तानने जागतिक बँकेच्या साह्याने कोक-अरलचा बांध पुरा केला. तेथील पाणी चढले, क्षारता घटली आणि मासळी परत आली. सर्व काही हातचे गेलेले नसते, एवढा दिलासा त्यातून मिळतो.

यावरून समाजवादच चुकीचा, असा निष्कर्ष आपले विरोधक काढतील. मला तो मान्य नाही. परंतु उत्पादनसाधने राज्यसंस्थेच्या हाती आली म्हणजे निसर्ग आणि श्रमिक आपोआप सुरक्षित होतात, ही समजूतही आपण टाकून दिली पाहिजे. मालकी बदलली, पण निर्णय नदीकाठच्या माणसाच्या हाती आला नाही, तर त्याच्या दृष्टीने फारसे काहीच बदलत नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळू. अरलच्या कापसाच्या जागी महाराष्ट्रात ऊस आहे. लागवडीखालील जमिनीचा लहानसा भाग तो व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, आणि तो लातूर साखर कारखान्यांचाच मुलूख आहे! येथे केवळ ऊसकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि दारात कारखाना आहे. ज्वारी-तुरीच्या हमीभावाने खरेदी होईलच, अशी शाश्वती नाही. ती शाश्वती दिल्यावाचून शेतकऱ्याला पिके बदलण्याचा उपदेश करणे हे सुखवस्तू माणसाचे पर्यावरणप्रेम होय.

दुसरी वाट आपल्याच भूमीत दाखविली गेली आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावापासून पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे. माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला कमाल अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जाणार नाही. आणि या पाण्यावर ऊस घेता येणार नाही. पाणी ही सामाजिक संपत्ती आहे, हे तत्त्व येथे ठरावातून उतरून पाटात आले.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात धरणाचे, कालव्याचे आणि विंधन विहिरींचे पाणी कोणाच्या शेतात जाते याची गावनिहाय नोंद करावी, आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. भूमिहीनांच्या पाणीहक्काची आणि भरडधान्य-कडधान्यांच्या हमखास खरेदीची मागणी एकत्र मांडावी. या दोन मागण्या वेगळ्या केल्या, तर भूमिहीन आणि लहान शेतकरी एकमेकांविरुद्ध उभे राहतील आणि पाणी आज जेथे जाते तेथेच जात राहील.