गॅसची नळी : घरातली आणि मंडपातली

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी संध्याकाळी वडोदऱ्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच मंचावर नाट्यगीते झाली, उद्या मुलांचे नाटक आहे. मधल्या दिवशी माझ्यासारख्या निवृत्त पाइपवाल्याला उभे करण्यात कार्यकारिणीने मोठेच धाडस केले आहे. सांस्कृतिक समितीच्या वहिनी म्हणाल्या, "काका, कारखान्यातलं काही सांगा, पण आम्हांला घरी उपयोगी पडेल असं सांगा." तेव्हा विषय निवडला तो सिलिंडरपासून किंवा भिंतीवरच्या कॉकपासून शेगडीपर्यंत येणाऱ्या नळीचा. जेमतेम दीड मीटरची वस्तू. पण तिच्यावर अर्धा तास बोलता येते, एवढा अनुभव तिने मला दिला आहे.

मी १९८४ साली नोकरीनिमित्त साताऱ्याहून इथे आलो. तीसेक वर्षे कारखान्यात पाइपांची तपासणी केली. जाडी मोजायची, गंज शोधायचा, प्रत्येक होजवरची तारीख वहीत लिहायची आणि तारीख उलटली की होज काढून टाकायची. माझे जुने सहकारी समोर बसून हसत आहेत, कारण त्यांना पुढची गोष्ट ठाऊक आहे.

२००३ साली, दिवाळीच्या आधी, आमच्या सौ.ने ओटा आवरताना विचारले, "अहो, ही नळी अशी कडक का लागतेय?" मी पेपर वाचत होतो. "जुनी झाली असेल," म्हणालो आणि पान उलटले. दोन दिवसांनी पहाटे आई पाणी तापवायला उठली. स्वयंपाकघराच्या दारातच तिला वास आला. तिने काडी ओढली नाही, दिवाही लावला नाही. चाचपडत मागचे दार उघडले आणि मला हाक मारली. मी जाऊन रेग्युलेटर बंद केला. उजाडल्यावर नळी वाकवून पाहिली, तर शेगडीच्या टोकापाशी बोटभर भागात केसासारख्या चिरा. ही नळी कधी आणली, हे घरात कोणालाच सांगता येईना. कारखान्यातल्या शेकडो होजच्या तारखा माझ्या वहीत होत्या. घरातल्या एकुलत्या एका नळीची नव्हती. आईचे शिक्षण चौथीपर्यंत, पण त्या पहाटे घर वाचले ते तिच्यामुळे, माझ्या सर्टिफिकिटांमुळे नव्हे.

आता थोडे शास्त्र. आपल्या गावात १९७० च्या दशकापासून नळाचा गॅस आहे, त्यामुळे इथे दोन्ही प्रकारची घरे भेटतात. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळला की तो जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, ओट्याखाली आणि मोरीच्या खळग्यात साचतो. नळाचा गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा जवळजवळ निम्म्याने हलका. तो वर जातो. म्हणून सिलिंडर असेल तर झरोका खाली, जमिनीलगत हवा आणि नळाचा गॅस असेल तर छताजवळ. हल्ली स्वयंपाकघरात फॉल्स सीलिंग करतात आणि गॅसचा पाइप त्याच्यावरून नेतात. पाइप दिसत नाही म्हणून गृहिणी खूश. पण मिथेन गळला तर नेमका तिथेच जाऊन बसणार. पाइप दिसलेला बरा. कंपनीने भिंतीवरून बाहेर ठेवलेला जीआयचा किंवा तांब्याचा पाइप टाइल्सच्या आत गाडायचा नाही आणि मीटर आपल्या मनाने सरकवायचा नाही. आमच्या सोसायटीत एकाने त्या पाइपावर ओले पंचे वाळत घातलेले मी पाहिले आहेत. सांधे ढिले व्हायला आणखी काय लागते?

नळी कशी निवडायची? घरगुती रेग्युलेटरमधून बाहेर पडणाऱ्या एलपीजीचा दाब सुमारे ३० मिलिबार, म्हणजे फूटभर उंच पाण्याच्या दाबाएवढा. नळाच्या गॅसचा त्याहून कमी, २१ मिलिबार. एवढा किरकोळ दाब कोणतीही नळी सहन करील, असे वाटते आणि तिथेच माणूस फसतो. नळी फुटते ती दाबाने नाही. ती सुकते, कडक होते आणि चिरते. साध्या प्लॅस्टिकच्या नळीला मऊ ठेवणारे द्रव्य एलपीजी हळूहळू शोषून घेतो. साधे रबर एलपीजीत फुगते. म्हणून आतला थर नायट्राइल रबराचा लागतो. त्यावर तारेची जाळी आणि बाहेर सहज पेट न घेणारे आवरण. आपल्या गॅस एजन्सीकडे मिळणारी नारिंगी 'सुरक्षा' नळी अशीच असते. तिच्यावर आयएसआयचे चिन्ह, आयएस ९५७३ हा क्रमांक आणि तयार केल्याचा महिना-वर्ष छापलेले असते. पाच वर्षांनी ती बदलायची, दिसायला नवी असली तरी. आणि पाच वर्षे मोजायची ती छापलेल्या तारखेपासून. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेली नळी घरी आणली, तर तिची तीनच उरली.

बाजारात फुटावर कापून देतात ती स्वस्त नळी घेऊ नका. ती बागेला पाणी घालायला उत्तम.

लांबी दीड मीटरच्या आत. कमी पडते म्हणून दोन तुकडे पितळेच्या जोडाने जोडणारे फिटर मी पाहिले आहेत. चार टोके म्हणजे गळण्याच्या चार जागा. सिलिंडर बाल्कनीत ठेवायचा असेल, तर नळी भिंतीच्या भोकातून ओढू नका. एजन्सीच्या माणसाकडून तांब्याचा पाइप घाला, त्याचे सांधे ब्रेझिंगचे करून घ्या, दाब देऊन तपासून घ्या आणि नळी फक्त शेवटच्या हातभर अंतरात ठेवा. नव्या मॉड्यूलर किचनमध्ये आणखी एक भानगड असते. सिलिंडर ट्रॉलीवर, ट्रॉली ओट्याखाली आणि नळी ग्रॅनाइटला पाडलेल्या भोकातून वर. सिलिंडर बदलताना ट्रॉली आतबाहेर होते आणि भोकाची धार नळीला करवतीसारखी घासते. त्या भोकाच्या कडा घासून गोल करून घ्या. आणि नळीला शोभेचे कापड गुंडाळू नका, चिरा दिसणार कशा?

नळी बसवताना नोझलचे दात पूर्ण झाकले गेले पाहिजेत. मग साबणाचा फेस लावून पाहायचा. बुडबुडा आला तर गळती. काडी पेटवून पाहणारे शूर पुरुष अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगतो की एलपीजी हवेत दोन टक्के झाला तरी पेटायला पुरतो. वास आला तर आईने केले तेच करायचे. बटण लावायचेही नाही आणि बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांसाठी एक गोष्ट. आपली शेगडी नळाच्या गॅसची असेल आणि बदली सिलिंडरच्या गावी झाली, तर ती तशीच जोडू नका. मिथेनमध्ये तेवढ्याच घनफळात उष्णता कमी, म्हणून त्याच्या जेटचे भोक मोठे असते. त्यातून एलपीजी सोडला की पिवळ्या, काजळी धरणाऱ्या उंच ज्वाळा उठतात. माझ्या एका मित्राकडे कढईखालून अशी ज्वाळा उठली आणि वरच्या कपाटाचे दार करपले. बरोबर नेलेली जुनी नळीही तिथे लावू नका. शेगडीचे जेट आणि नळी एकाच दिवशी बदलून घ्या.

आता आपल्या मंडपाकडे येतो. इथे घरचे नियम पुरे पडत नाहीत. महाप्रसादाच्या भट्टीला १९ किलोचा सिलिंडर आणि हायप्रेशर रेग्युलेटर लागतो. सिलिंडरच्या आत उन्हाळ्यात पाच बार आणि वरही दाब असतो. पाच बार म्हणजे पन्नास मीटर उंच पाण्याचा. हायप्रेशर रेग्युलेटर त्यातला बराचसा पुढे सोडतो, म्हणून घरगुती नळी त्याला लावायची नाही. त्या दाबासाठी केलेली जाड नळी, घट्ट क्लॅम्पसह, हवी. सिलिंडर भट्टीपासून दूर, उभा, उन्हाच्या आड ठेवायचा आणि नळी भट्टीच्या झळीबाहेरून, कोणाचा पाय अडकणार नाही अशी न्यायची.

शिवाय आपले सामान वर्षभर गोदामात पडून असते आणि तिथे बाप्पाचे वाहन राहते. परवा सकाळी मी आणि खजिनदार भट्टीच्या तिन्ही नळ्या पाहून आलो. एक ठीक होती. दुसरी २०१६ ची निघाली. तिसरीची तारीख वाचताच आली नाही, कारण तारखेच्या जागीच उंदरांनी रबर कुरतडून तार उघडी पाडली होती. याच नळीवर गेल्या वर्षी दीडशे जणांचा मसालेभात झाला आणि शेजारी मुले पाट मांडत होती. त्या दोन्ही नळ्या मी जागेवरच कापून टाकल्या. कापल्या नाहीत तर पुढच्या वर्षी कोणीतरी "चालेल की" म्हणून लावतो. नव्या नळ्या उद्या दुपारी येतील. भट्टी पेटवण्याआधी फेस लावून पाहायला मला दोन तरुण हवे आहेत. नावे वहिनींकडे द्या.