ताई, काल पहाटेपासून काय काय केलं?

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरगी बी.ए. झाली, सर्व्हेच्या कामाला पाठवू का?" आज त्याच्यावरच बोलते.

तुळजापूरला समाजकार्य शिकताना मी पहिला फॉर्म भरला. ताईंना विचारलं, काम काय करता? "काय नाही, घरीच असते." मी 'गृहिणी' लिहून मोकळी! उठले तर दारात दोन म्हशी, अंगणात सोयाबीनचा ढीग. परत बसले. काल पहाटेपासून काय काय केलं, असं विचारलं, तेव्हा शेण, धारा, भाकरी, रास सगळं निघालं.

सरकारनं २०१९ मध्ये देशभर असंच वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशोब. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्याला तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. कुणीतरी नीट विचारलं म्हणून हे कागदावर आलं.

आता पोरीचं. पदवी बहुतेक ठिकाणी मागतात, टॅबलेट चालवता आला पाहिजे. बायकांच्या आरोग्याचे प्रश्न बाईनंच विचारायचे असतात, म्हणून मुलींना मागणी आहे. पण काम बहुधा कंत्राटी, सर्व्हे संपला की घरी. माझे एकदा दोन महिने पैसे अडकले होते. म्हणून मानधन, प्रवासखर्च, मुक्काम आधी लेखी घ्या. एकटीला पाठवू नका, जोडीनं पाठवा.

पुढच्या बैठकीला तिला घेऊन या. आपल्याच गटात पाच फॉर्म भरायला लावू, मग तीच सांगेल जमतंय का ते.