वैर्‍याच्या दारीं जाण्याची रीत



बांधाच्या वीतभर जागेपायीं सख्खे भाऊ बोलत नाहींत, अशीं घरें आपल्या गांवांत आहेत. नांवें घेत नाहीं. तुम्ही सारे जाणतां. आज आम्ही तुम्हांस युरोपांतील अल्बानिया देशाची हकीकत सांगतों. तेथें उत्तरेकडील डोंगरांत सरकारचा हात पोंचत नसे, तेव्हां खुनाचा बदला खुनानें, आणि तोहि पिढ्यान् पिढ्या. पण त्या लोकांनीं वैरालाहि कायदा घातला होता. तोंडोतोंडीं चालत आलेला हा कायदा ग्येचोव नांवाच्या पाद्र्यानें जमविला. तो १९३३ सालीं छापला गेला.

त्यांतील रीत ऐका. दुसर्‍याच्या दारीं गेलेल्यानें आंगणांतूनच हांक मारावयाची. मुकाट्यानें आंत शिरावयाचें नाहीं. घरधनी बाहेर येई, पाहुण्याची बंदूक घेई व खुंटीस अडकवी. बंदूक दिली म्हणजे विश्वास दाखविला; घेतली म्हणजे त्या जिवाची जोखीम पत्करली. मग तो पाहुणा वैरी कां असेना! जातांना सोबत माणूस द्यावयाचा. त्या सोबतींत पाहुण्यास कोणीं मारिलें तर तें वैर घरधन्याचें होई.

'बेसा' म्हणजे दिलेला शब्द. खून झाल्यावर मारणाराचा मध्यस्थ मेलेल्याच्या घरीं जाऊन चोवीस तासांचा बेसा मागे. तो मिळाला कीं खुद्द मारणारानें प्रेतयात्रेस जावयाचें, आणि त्याच घरीं जेवावयासहि बसावयाचें. ऐकून अंगावर कांटा येतो! पुढें गांवकरी मध्यें पडून तीस दिवसांची मुदत मागत. आम्हांस ह्यांत शहाणपण हें दिसतें कीं, आधीं कोणीं मागावें आणि कोणीं द्यावें, हें ठरलेलें होतें. आपल्याकडे 'त्यानें आधीं बोलावें' म्हणत दोघेहि वकिलाचें घर भरतात.

ह्या रीतीनें वैर मिटे असें मात्र नाहीं. सूड घेणें हेंहि त्याच कायद्यांत कर्तव्य होतें. पुरुष दगडी घरांत कोंडून बसत आणि शेताचा भार बायकांवर पडे.

शेजारच्या कोसोव्होंतहि हेच लोक राहतात. तेथें १९९० सालीं विद्यार्थी, आणि लोककथा जमविणारे प्राध्यापक आन्तोन चेत्ता, गांवोगांव हिंडून मेलेल्यांच्या घरच्यांपाशीं क्षमा मागूं लागले. १ मे १९९० रोजीं देचानजवळच्या माळावर लाखावर माणूस जमलें. सर्वांदेखत मेलेल्याचा बाप किंवा भाऊ पुढें येई आणि वैर्‍याच्या माणसाचा हात हातीं घेई. दोनतीन वर्षांत सुमारें हजार वैरें अशीं सुटलीं. कागद नाहीं, स्टांप नाहीं.