मिश्रीची डबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सभेत बोलण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. चुकले तर पदरात घ्या.

व्यसन म्हटले की आपण पुरुषांच्या विडीकडे बोट दाखवतो. पण त्याच बोटाला आपल्या मिश्री लागलेली असते! हसू नका, मीही त्यातलीच. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारी मोठी माणसे शंभरात सुमारे ४ निघाली, आणि तंबाखू, मिश्री, गुटखा असले तोंडात घालणारी सुमारे २४.

लग्न होऊन दासगावी आले तेव्हा दाढ दुखत होती. शेजारच्या काकूंनी मायेनेच चिमूटभर दिली. दाढ थांबली, मिश्री राहिली. बावीस वर्षे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजली की तिचे विष जळते, असे आपण समजतो. जळत नाही. निकोटीन हिरडीतून रक्तात जाते, म्हणून तर तलफ येते. गरोदर बाईने लावली तर मूल कमी वजनाचे होण्याची भीती असते. माझी थोरली पावणेदोन किलोची झाली. मला तेव्हा कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

तीच लेक गेल्या वर्षी दिवस राहून माहेरी आली, आणि एका सकाळी तिचे बोट माझ्या डबीत दिसले. काय बोलणार? डबी माझीच.

याआधी तीनदा मी डबी सावित्रीत टाकली होती. कोणाला न सांगता. संध्याकाळी काकूंच्या दारात हजर! या खेपेला लेकीने सरकारी फोन लावला. पलीकडची बाई मराठीत बोलली. दिवसातून किती वेळा लावता, कधी लावता, सगळे विचारले आणि सोडायचा दिवस ठरवून घेतला. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, कोणाशी तरी बोलत बसा, म्हणाली. पुढे तिनेच फोन करून चौकशी केली.

पहिला आठवडा वाईट गेला. पोट साफ होईना, डोके दुखे, घरात सर्वांवर खेकसले. काकूंना बजावले होते, मागितली तरी देऊ नका. त्यांनी खरेच दिली नाही, उलट अंगणात बसवून गप्पा मारल्या. एका लग्नात मात्र मी घसरले. लेकीला सांगितले. ती म्हणाली, आई, उद्यापासून पुन्हा.

नातू अडीच किलोचा झाला.

काकूंची अजून चालू आहे. परवा हळूच विचारीत होत्या, तो नंबर कुठला गं? विडी-तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो: १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत.