एकटीचे तिकीट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. या मंडळात आजवर मी सतरंज्या घातल्या आणि चहाचे आधण ठेवले. पण मी एकटी आगबोटीने समुद्रावर फिरून आले, हे कळल्यापासून जी ती मला वाटेत थांबवून दोनच प्रश्न विचारते. "किती पैसे पडले?" आणि "घरच्यांनी सोडले कसे?" चिटणीसबाई म्हणाल्या, प्रत्येकीला वेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगा. म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. आमच्या घराची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ पावसाळी वादळात बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत माझे आजेसासरे होते. माझे सासरे तेव्हा तीन वर्षांचे. आजेसासूबाईंनी त्या दिवशी शपथ घातली की, या घरातले कोणी बोटीवर पाय ठेवणार नाही. माझ्या लग्नानंतर दोन वर्षे त्यांचा सहवास मला लाभला. समुद्राकडे पाठ करून बसायच्या. तेव्हापासून आमच्या घरची माणसे मुंबईला जायची ती एसटीने, पेण-पनवेलचा वळसा घेऊन. रेवसची लाँच समोर उभी असली तरी!

माझे माहेर मात्र जयगडच्या बाजूचे. माझी आई लहानपणी कोकण बोटीने मुंबईला गेलेली. बंदरात बोट दूर उभी राही, पडावातून तिच्यापर्यंत जायचे, मग डेकवर बिस्तरा पसरायचा, शिदोरी सोडायची आणि किनाऱ्यावरचे दिवे मोजत रात्र काढायची. हे सगळे ती इतके रंगवून सांगायची की, एकदा तरी समुद्रात रात्र काढायची, ही इच्छा माझ्या मनात लहानपणापासून होती. लग्न झाले, शपथ कळली आणि मी ती इच्छा फडताळात ठेवून दिली. पंचवीस वर्षे तिथेच होती.

२०२४ च्या दिवाळीत माझी भिशी लागली. तीस हजार रुपये. मुलीचे लग्न झाले होते, मुलगा नोकरीला लागला होता. यजमान म्हणाले, "या पैशांचे तुझ्यासाठी काहीतरी कर." त्यांच्या मनात पाटल्या होत्या. मी म्हटले, "मला बोटीने जायचे आहे." ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी येणार नाही. आजीची शपथ माझ्याने मोडवणार नाही. पण तू आईला विचार. ती हो म्हणाली तर माझी ना नाही."

सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आधी किती पैसे पडतात ते तरी बघ. तेवढ्यानेच तुझे डोके ताळ्यावर येईल." भगिनींनो, त्यांना वाटले दर ऐकून मी मुकाट बसेन. आणि खरे सांगते, पहिल्या दिवशी तसेच झाले.

मुलीने फोनवर जाहिरात काढून दिली. मुंबईहून गोवा, दोन रात्री, माणशी अठरा हजार. मी खूष. एका एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, "दोघे का?" मी म्हटले, "नाही, एकटीच." तो म्हणाला, "मग छत्तीस हजार, आणि वर कर वगैरे." मला वाटले माझी ऐकण्यात चूक झाली. माणशी अठरा म्हणता आणि एका माणसाचे छत्तीस घेता, हा कुठला हिशेब?

हिशेब असा आहे. या जहाजांवर विकली जाते ती खोली. खोलीत दोन खाटा गृहीत धरलेल्या असतात आणि 'माणशी' म्हणून छापलेला दर हा त्या खोलीच्या भाड्याचा निम्मा हिस्सा असतो. एकटी गेलीत तर रिकाम्या खाटेचे पैसेही तुमच्याकडून घेतात. कुठे निम्मे, कुठे पुरे. जगभर हीच पद्धत आहे. म्हणून जाहिरातीतल्या आकड्यावर एकट्या बाईने कधी जाऊ नये. पहिलाच प्रश्न विचारावा, "एका माणसाला, सगळे धरून, शेवटचा आकडा किती?" आणि तो लिहून मागावा.

मी एक जुनी वही घेतली. दुधाचा हिशेब मांडतो तशा रेघा आखल्या. जहाजाचे भाडे, रिकाम्या खाटेचा आकार, बंदराचा आकार, नोकरांच्या सेवेचा आकार, सरकारी कर, असे रकाने केले आणि तीन ठिकाणी फोन करून भरले. वही भरल्यावर चार गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली गोष्ट वाराची. शुक्रवार-शनिवारी आणि शाळांच्या सुट्टीत दर चढतो. तेच जहाज आठवड्याच्या मधल्या वारी स्वस्त पडते. आपल्याला कुठे कचेरी गाठायची आहे?

दुसरी गोष्ट खोलीची. समुद्र दिसणारी खोली महाग, गच्चीची त्याहून महाग. आतली, बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त. समुद्र पाहायला वरचा डेक सर्वांना मोकळाच असतो. मग झोपायला खिडकी कशाला? उलट, खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली कमी हलते, म्हणून ज्यांना बोट लागते त्यांना तीच बरी.

तिसरी गोष्ट घासाघिशीची. जहाज सुटायच्या वेळी खोली रिकामी राहिली तर कंपनीला तिचे काहीच मिळत नाही. म्हणून ज्या फेरीला गर्दी नसते, तिच्यावर रिकाम्या खाटेचा आकार कमी करतात. मी प्रत्येकाला एकच विचारले, "एकटीसाठी हा आकार कोणत्या तारखेला कमी आहे?" दोघांनी उडवून लावले. तिसऱ्याने फेब्रुवारीतली एक तारीख काढून दिली. भाडे माणशी चौदा हजार, आणि रिकाम्या खाटेचे निम्मेच, सात हजार.

चौथी गोष्ट लपलेल्या पैशांची. त्याच एजंटाने आधी बंदराचा आकार आणि सेवेचा आकार दोन माणसांचा लावला होता. मी म्हटले, "दादा, खाट रिकामी असली तरी तिच्यावर माणूस नाही. जे माणूस बंदरात उतरणार नाही आणि जेवणारही नाही, त्याचा आकार कसला?" त्याने चौकशी करून फोन करतो म्हटले, आणि संध्याकाळी तेवढे पैसे कमी केले. भाडे एकवीस हजार, बाकी आकार आणि कर पाच हजार, एकूण सव्वीस हजार. पहिल्या एजंटाच्या हिशेबाने हेच सगळे धरून त्रेचाळीस हजार झाले असते. भिशीतले चार हजार जाण्यायेण्याला आणि वरखर्चाला उरले.

ती वही मी सासूबाईंसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. मग म्हणाल्या, "ज्याने एवढा हिशेब केला, ते माणूस आंधळेपणाने पाण्यात जाणार नाही. जा. पण आधी रेवसच्या धक्क्यावर नारळ दे. आणि तो खडक मागे पडला की मला कळव."

मी नारळ दिला. सासूबाई माझ्याबरोबर धक्क्यापर्यंत आल्या होत्या. इतक्या वर्षांत प्रथमच.

मुंबईला बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून जहाज सुटते. देशातल्या देशात जायचे तर पासपोर्ट लागत नाही, आधार कार्ड पुरते. आत गेल्यावर पहिले काम कवायतीचे. धोक्याची घंटा झाली तर कुठे जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, हे सर्व प्रवाशांना शिकवतात. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये काही देशांनी मिळून जहाजांच्या सुरक्षिततेचे नियम केले, ते आजवर सुधारत आलेले आहेत. काही प्रवासी कंटाळून हसत होते. मी मात्र पट्टा दोनदा बांधून पाहिला. मला आजेसासरे आठवत होते.

संध्याकाळी जहाज हलले. मी वरच्या डेकवर डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, कारण मांडवा-रेवसचा किनारा त्याच हाताला येतो. अंधार पडत होता. खडक काही मला ओळखता आला नाही. पण मांडव्याचे दिवे मागे गेले, तेव्हा मी घरी फोन लावला. सासूबाई फोनजवळच बसलेल्या असाव्यात. मी म्हटले, "आई, पुढे आले." पलीकडे काही वेळ आवाजच नाही. मग म्हणाल्या, "पट्टा बांधायला शिकवला का?" मी म्हटले, "शिकवला." "मग जेव आता," म्हणाल्या. नंतर लवकरच फोनची रेंज गेली. बरे झाले, मला थोडे रडायचे होते.

जेवणघरात वाढप्याने विचारले, "किती जण?" "एक," म्हणताना पहिल्या रात्री जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी अडखळली नाही. जेवण तिकिटात धरलेले असते. सरबते, पेये, किनाऱ्यावरची फेरी, इंटरनेट याचे पैसे वेगळे, आणि ते खोलीच्या कार्डावर मुकाट चढत जातात. म्हणून रोज रात्री खर्चाची यादी मागून पाहावी. आणि फोनचे जाळे बंद करून ठेवावे. जहाजावरचे जाळे फार महाग असते, घेतल्याचे कळतसुद्धा नाही.

आता ज्यांना सव्वीस हजारही जड आहेत, त्यांच्यासाठी. आईच्या वेळी डेकवर जेवढा बिस्तरा तेवढे तिकीट होते. रिकाम्या जागेचे पैसे कोणी मागत नसे. तशी पद्धत अजून पुरती गेलेली नाही. कोचीहून लक्षद्वीपला आणि चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून अंदमानला सरकारी जहाजे जातात. त्यांत बंक म्हणजे एकेक खाट मिळते, पैसे त्या खाटेपुरतेच. थाटमाट नाही आणि अंदमानला तीनेक दिवस लागतात. लक्षद्वीपला आधी परवाना काढावा लागतो. त्याहून सोपे हवे तर केरळात अलप्पुळाहून कोट्टायमला सरकारी बोट जाते, तिचे तिकीट एसटीसारखे आसनागणिक. आणि अगदी चव घेऊन पाहायची तर २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठी रो-रो बोट आहेच. तासाभराचा प्रवास. बोट लागते की नाही, तेवढे तरी कळेल!

परदेशांत एकट्या माणसांची संख्या ओळखून काही कंपन्यांनी एका माणसाच्या खोल्या बांधल्या. 'नॉर्वेजियन एपिक' नावाच्या जहाजावर २०१० साली अशा १२८ खोल्या केल्या. शिवाय ऋतू बदलला की जहाजे एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेतात, ती एकेरी फेरी दिवसाच्या हिशेबाने स्वस्त पडते. पण विमानभाडे आणि व्हिसा धरला की स्वस्ताई कुठे राहते, ते वहीतच मांडून पाहावे. एवढे मात्र खरे की, पावसाळ्यात आपल्या बाजूच्या समुद्राच्या वाटेला जाऊ नये. स्वस्त मिळाले तरी!

आणि सर्वांत सोपा उपाय आपल्या या मंडळातच आहे. दोघी-दोघींनी एक खोली घ्यावी, म्हणजे रिकाम्या खाटेचा प्रश्नच मिटला. पण जोडीदारीण मिळाली नाही म्हणून घरी बसू नये. मी बसले असते, तर अजून बसलेच असते.

शेवटी एक सांगते आणि पुरे करते. मी परत आले तेव्हा सासूबाईंनी सगळे विचारून घेतले. खोली केवढी, पाणी कसे, जेवायला काय. मग विचारले, "खोलीत खाटा दोन होत्या ना?"

मी म्हटले, "हो."

"आणि दुसरीचे सात हजार भरलेस?"

"भरले."

त्या म्हणाल्या, "अगं, निम्मे पैसे भरलेच होतेस, तर मला का नाही नेलेस?"

मी काय बोलणार? वही पुन्हा काढली आहे. या खेपेला रकाने दोघींचे आखले आहेत.