आधी ब्रेक, मग विंच

चेन्नईतल्या आपल्यापैकी काहींकडे जुनी डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह आहे. माझ्याकडेही आहे. घेतल्याबरोबर मी पर्सनल लोन काढून रुंद टायर आणि विंच बसवले. काही महिन्यांनी कोल्ली हिल्सचा ७० हेअरपिन वळणांचा घाट उतरताना ब्रेकचे पेडल थेट तळाला गेले. मागे बायको आणि मुलगी. खालचे गिअर टाकत गाडी कशीबशी थांबवली. ब्रेक ऑइल कित्येक वर्षे बदललेच नव्हते. जुन्या ऑइलमध्ये ओलावा शिरतो, उतारावर ते तापून उकळते आणि ब्रेक लागत नाही.

म्हणून आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि कूलंट पाहा. डिझेल फिल्टरमधले पाणी वेळच्या वेळी काढा, नाहीतर पंप आणि इंजेक्टर बिघडतात. इथल्या खाऱ्या हवेत चॅसी गंजते. ती खालून धुऊन घ्या. इंजिन किंवा गाडीच्या रचनेत बदल करायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर दावा अडकू शकतो.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी, आणि पुढे दर ५ वर्षांनी, तपासणी करून नूतनीकरण करावी लागते. हा खर्च ठरलेला आहे. त्यासाठी कर्ज कशाला? दरमहा २,००० रुपयांची आरडी काढा. वर्षाला २४,००० रुपये मुद्दल, वर व्याज. त्यातून आधी देखभाल करा आणि उरले तर हौस भागवा.

उद्या शाखेत आलात तर आरडीचा अर्ज मागून घ्या.