काम संपलं? मग लॉक लावा!

कारखान्यांतल्या तंत्रज्ञांचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : गेज 8 बार दाखवतो, कंट्रोल रूममध्ये 5 दिसतात, तर प्रेशर ट्रान्समीटर खराब झाला का? अनेकदा ट्रान्समीटर धडधाकट असतो. त्याची सेटिंग कुणीतरी बदललेली असते. आणि ती बदलता आली, कारण राइट प्रोटेक्ट, म्हणजे सेटिंग बदलू न देणारं लॉक, उघडं होतं.

0 ते 10 बार, 4 ते 20 मिलिॲम्पियरचा ट्रान्समीटर घ्या. हँडहेल्ड कम्युनिकेटरवरून कुणी त्याची रेंज 0 ते 16 केली आणि कंट्रोल रूममधलं स्केल 10चंच राहिलं, तर 8 बारला 12 मिलिॲम्पियर निघतात, पडद्यावर 5 बार उमटतात. 8 बारला लावलेला ट्रिप मग 12.8 बारला येतो. तोवर सगळी भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर! लाइनीत 2 बार शिल्लक असताना झीरोचं बटण दाबलं गेलं, तर पुढचं प्रत्येक रीडिंग 2 बारने कमी येतं. अलार्म मात्र एकही वाजत नाही.

म्हणून सांगतो, काम संपलं की लॉक लावा. बहुतेक स्मार्ट ट्रान्समीटरच्या इलेक्ट्रॉनिक्स बोर्डावर त्यासाठी छोटा स्विच किंवा जंपर असतो. तो लॉकवर असला की सेटिंग वाचता येते, बदलता येत नाही. झीरो-स्पॅनची बाहेरची बटणं काही मॉडेलांत वेगळी बंद करावी लागतात, मॅन्युअल पाहा.

‘पासवर्ड आहे की!’ असं अनेक जण म्हणतात. अहो, तो पासवर्ड तिन्ही शिफ्टना तोंडपाठ असतो! स्विच हलवायला माणसाला जागेवर जाऊन झाकण उघडावं लागतं, हीच त्याची ताकद. पण तो लॉकवर ठेवलेला हवा. 2017मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल कारखान्यावर ट्रायटन नावाचा सायबर हल्ला झाला. तिथल्या सुरक्षा कंट्रोलरची किल्ली ‘प्रोग्राम’वर राहिली होती, म्हणून हल्लेखोरांना आत नवा कोड घालता आला. किल्ली होती, पण फिरवलेली नव्हती. आपल्याकडे जंपर असतो, पण लावलेला नसतो.

लॉक लावल्यावर खात्री करा. हँडहेल्डवरून मेसेजच्या रकान्यात एखादं अक्षर बदलून पाहा. नकार आला, तरच लॉक लागलं.

बाकीचं थोडक्यात. झाकण उघडण्याआधी परमिट घ्या, कंट्रोल रूमला कळवा, लूप मॅन्युअलवर घ्या. स्फोटाचा धोका असलेल्या भागात वीज चालू असताना झाकण उघडू नका. जुनी आणि नवी सेटिंग रजिस्टरात लिहा.

‘उद्या पुन्हा उघडायचंच आहे, राहू दे तसंच,’ हे वाक्य मला अजिबात ऐकवत नाही. रात्रपाळीला बॉयलरजवळ उभा असलेला तुमचा सहकारी ट्रान्समीटरच्या आकड्यावर विसंबून असतो. उद्या उघडायचं असेल, तर उद्या उघडा. आज घरी जाण्यापूर्वी लॉक लावा, तपासा आणि रजिस्टरात सही करा.